हेल्मेट-आघात, अवैध

हेल्मेट-आघात, अवैध : अमेरिकन फुटबॉलमधील गंभीर नियमभंग. डोके खाली घालून हेल्मेटने प्रतिस्पर्ध्याला जोराने धडकणे, किंवा स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर आघात करणे, हे त्याचे दोन मुख्य प्रकार.

कारण : हेल्मेट कवटी वाचवते, मान नव्हे. मान ताठ असताना मणक्यांना असलेल्या नैसर्गिक बाकामुळे धक्का स्नायूंत विभागला जातो. मान सुमारे ३० अंश पुढे झुकली, की हा बाक जातो आणि टाळूवर बसलेला मार थेट मणक्यांवर येतो. मणका मोडून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. हे कारण अमेरिकन अस्थिशल्यविशारद जोसेफ टॉर्ग यांनी दुखापतींच्या नोंदींवरून मांडले. १९७६ मध्ये शालेय आणि महाविद्यालयीन खेळात डोक्याने धडकण्यावर (स्पिअरिंग) बंदी आली. त्या वर्षी अशा दुखापतींमुळे ३४ खेळाडूंचे हातपाय कायमचे लुळे पडले होते. १९८४ मध्ये ही संख्या ५ होती.

महाविद्यालयीन नियम : येथे या गुन्ह्याला टार्गेटिंग म्हणतात. हेल्मेटच्या शिखरबिंदूपासून सहा इंच त्रिज्येचा भाग म्हणजे टाळू. टाळूने केलेला आघात कोणत्याही खेळाडूवर झाला तरी अवैध ठरतो. डोक्यावरचा वा मानेवरचा आघात मात्र बचावहीन खेळाडूवर झाला तरच. पंच हेतू शोधत नाहीत, शरीराच्या हालचालीतील खुणा पाहतात : उसळी घेणे, दबा धरून वर झेपावणे, धडकेआधी डोके खाली घालणे. शंका असल्यास गुन्हा धरावा, असा मैदानावरील पंचांना आदेश आहे. शिक्षा १५ यार्डांची : चेंडू तितका दोषी संघाच्या विरोधात सरकवतात. २०१३ पासून खेळाडूला सामन्याबाहेरही काढतात. रिप्लेत कसोटी उलटी होते : २०१९ पासून प्रत्येक घटक चित्रफितीत सिद्ध झाला नाही, तर टार्गेटिंगचा निर्णय रद्द होतो.

व्यावसायिक नियम : डिसेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा खेळाडू रायन शेझिअर याच्या पाठीच्या कण्याला डोके झुकवून टॅकल करताना (प्रतिस्पर्ध्याला पाडताना) जबर दुखापत झाली. त्यानंतर २०१८ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने डोके खाली घालून हेल्मेटने धडकणे दंडनीय केले. हा नियम आक्रमक आणि बचावपटू दोघांनाही, मैदानात कुठेही लागू आहे.