खाडी, खलाशी आणि कंटेनर

जागतिकीकरण म्हटले की आपल्याला १९९१ चे नवे आर्थिक धोरण आठवते. पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या खाडीकाठी उभे राहिले की ही तारीख फार अलीकडची वाटते. जग या किनाऱ्यावर कितीतरी आधी आले होते. प्रश्न आहे तो कोणाच्या अटींवर आले, हा.

कोकणी मुसलमान समाजाने त्या अटी जहाजाच्या डेकवर अनुभवल्या. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे पी अँड ओ ही इंग्रज कंपनी साम्राज्याची टपाल वाहत असे. तिच्या डेकवरचे खलाशी, टंडेल आणि सारंग मोठ्या संख्येने आमच्या किनाऱ्यावरचे होते. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांचा पगार फार कमी होता. त्यांचे करारही वेगळे होते. परक्या बंदरात राहता येऊ नये म्हणून त्यांना हिंदुस्थानात परत आणूनच मोकळे केले जाई. माल जगभर फिरे, तो वाहणाऱ्या माणसाला मात्र ती मुभा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवे होते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. हत्यार कोणते? इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा! भातशेती, मिठागरे सगळे त्यात गेले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यामुळेच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. पण तीही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांसाठी. भरती-ओहोटीवर जगणाऱ्या कोळ्याने कोणता सातबारा दाखवायचा?

१९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये तिथे देशातले पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल आले, तेही पी अँड ओच्या पुढाकाराने. जिच्या बोटींवर आमचे आजे-पणजे राबले, तीच कंपनी आता आमच्या धक्क्यावर. २००६ साली दुबईच्या डीपी वर्ल्डने ती कंपनीच विकत घेतली. दुबई स्वतः १९७१ पर्यंत ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. कोकणातल्या किती घरांची चूल दुबईच्या पैशावर पेटते, हे मी सांगायला नको. तेव्हा या खरेदीचा आपल्यातल्या काहींना अभिमान वाटावा, हे समजण्यासारखे आहे. मला तो वाटत नाही. मालक लंडनचा असो की दुबईचा, कोळ्याच्या होडीची वाट त्याने रुंद होत नाही.

बंदराच्या विस्तारासाठी भराव पडले, खारफुटी तुटली, भरतीचे पाणी अडले. गव्हाण, बेलपाडा, हनुमान कोळीवाडा आणि उरण कोळीवाडा येथील पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी मिळून द्यायची होती. म्हणजे कुटुंबामागे सहा लाखांहून कमी. रक्कम थोडकी आहे. तरीही जमिनीचा कागद नसलेल्या माणसाचे पाण्यावरचे जगणे बुडाले, याची नोंद एका न्यायपीठाने रुपयांत केली. त्या आदेशाविरुद्धचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.