पोरांच्या नावावरची जमीन



मागच्या भागात आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याबद्दल बोललो. त्यानंतर एका बचत गटाच्या बैठकीत एक काकू आम्हाला म्हणाल्या, "नाव लावून काय होतं गं? कसायची ती आपणच कसतो. कागद काय, असला काय नि नसला काय." सगळ्याजणी हसल्या. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. म्हणून आज एक जुनी, खरी घडलेली गोष्ट सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे. नवरे पंजाबातले, बायका मेक्सिकोतल्या आणि जमीन कुणाची, हाच सगळा प्रश्न.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. त्याच्या अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या हद्दीला लागून इम्पीरियल व्हॅली हा मुलूख. मुळात वाळवंट. १९०१ साली कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं तिथं आलं आणि त्या रेताडात कापूस, खरबुजं, भाजीपाला पिकू लागला. काम उदंड आणि हात कमी. अशा वेळी तिथं आपल्या पंजाबातली माणसं पोचली. जालंदर, होशियारपूर, लुधियाना या भागातली. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. पण तिथले लोक सगळ्यांनाच सरसकट 'हिंदू' म्हणत.

ही माणसं एवढ्या लांब कशी गेली? वाट फौजेची होती. घरची जमीन भावाभावांत वाटून तुकड्यांवर आलेली, वर सावकाराचं कर्ज. मग घरातला एखादा मुलगा इंग्रजांच्या पलटणीत नाहीतर पोलिसात भरती व्हायचा. त्यातल्या कितीतरी जणांची नेमणूक हाँगकाँग, शांघायकडे व्हायची. तिथं त्यांना कळायचं, समुद्रापलीकडे मजुरी चांगली मिळते. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या बायांना हे नव्यानं सांगायला नको. फौजेनं माणूस एकदा गावाबाहेर काढला, की त्याच्या पायाला जगाची वाट सापडते.

ही माणसं एकटीच गेली. चार वर्षं कमवायचं, कर्ज फेडायचं, परत यायचं, असा बेत. अनेकांची लग्नं झालेली होती, बायका मागं गावी होत्या. पण १९१७ साली अमेरिकेनं नवा कायदा केला आणि हिंदुस्थानासकट आशियातल्या बहुतेक मुलखांतल्या लोकांना देशात यायची बंदी घातली. आता बायकोला बोलावता येईना. आणि स्वतः भेटायला गावी जावं, तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. नवरा तिकडे, बायको इकडे, आणि मधलं दार बंद.

तिथल्या गोऱ्या बायकांशी लग्न करणंही सोपं नव्हतं. वेगळ्या वंशाच्या माणसांनी गोऱ्यांशी लग्न करू नये, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. लग्नाचा परवाना देणारा कारकून नवरा-नवरीच्या कातडीचा रंग बघायचा. दोघंही सावळी दिसली, तर परवाना द्यायचा. असा रंग जुळला तो मेक्सिकन बायकांशी. मेक्सिकोत १९१० साली क्रांती सुरू झाली होती. लढाया, जाळपोळ, उपासमार. कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून कापूस वेचायला आली. कधी आई आणि लेकी, सोबत बाप्या माणूस नाही. त्या ज्या शेतांवर वेचणीला जायच्या, त्यांतली काही शेतं या पंजाब्यांनी खंडानं घेतलेली असायची.

१९१६-१७ च्या सुमाराला अशी लग्नं व्हायला लागली. एका बहिणीचं लग्न झालं, की ती धाकट्या बहिणीला, भाचीला नवऱ्याच्या भागीदारासाठी सुचवायची. अशी तीनशेहून जास्त जोडपी झाली. नवऱ्यांनी स्पॅनिश शिकून घेतली, कारण घरात आणि शेतात तीच चालायची. बायका रोटी, मसाल्याची भाजी करायला शिकल्या. मक्याची नाहीतर गव्हाची तोर्तिया म्हणजे आपल्या भाकरी-चपातीचीच बहीण, आणि मिरची दोघांकडे होतीच. स्वयंपाकघरात फारसं अडलं नाही. मुलं आईबरोबर चर्चमध्ये जायची, स्पॅनिश बोलायची. पाळण्यातलं नाव स्पॅनिश आणि आडनाव सिंग.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. नवरा पुष्कळदा वयानं मोठा. त्याचे भागीदारही त्याच घरात राहणार, आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक एकटीनं करायचा. पैसा नवऱ्याच्या हातात, त्यातला काही गावी जायचा. भांडणं व्हायची, मारहाणही व्हायची. पण या बायका कोर्टाची पायरी चढायला घाबरत नव्हत्या. नाही पटलं, तर घटस्फोटाचा अर्ज करायच्या. नवऱ्यांना याचं मोठं नवल वाटायचं.

आता जमिनीकडे येऊ. कॅलिफोर्नियानं १९१३ साली कायदा केला होता, की ज्या परक्या माणसाला अमेरिकेचं नागरिक होताच येत नाही, त्यानं शेतजमीन विकत घ्यायची नाही. पुढे १९२० साली हा कायदा आणखी कडक झाला आणि खंडानं घ्यायचीही वाट बंद झाली. मग प्रश्न उरला एवढाच, की हिंदुस्थानी माणसाला नागरिक होता येतं का?

हा प्रश्न एका शिपाई गड्यानं कोर्टात नेला. भगतसिंग थिंद त्याचं नाव. पंजाबातून शिकायला गेलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेच्या फौजेत भरती झाला होता. पगडी घालून त्यानं नोकरी केली. त्याच वर्षी डिसेंबरात अंगावर गणवेश असतानाच त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं. त्यानं पुन्हा अर्ज केला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२३ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्या देशासाठी बंदूक उचलली, त्या देशानं सांगितलं, तू आमचा नाहीस. पुढे लढाईत नोकरी केलेल्यांसाठी १९३५ साली वेगळा कायदा झाला, तेव्हा कुठं १९३६ मध्ये थिंदला नागरिकत्व मिळालं.

त्या निकालाचा फटका बायकांनाही बसला. तेव्हाचा अमेरिकेचा कायदा असा होता, की नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याशी अमेरिकन बाईनं लग्न केलं, तर तिचंही नागरिकत्व जायचं. १९२२ साली कायदा सुधारला, पण ही मेख तशीच ठेवली. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी ही जन्मानं अमेरिकन. १९२४ साली लग्न केलं आणि ती आपल्याच देशात परकी झाली. ही मेख १९३१ साली निघाली. तोवर बायको म्हणजे नवऱ्याची सावली. त्याला जमीन नाही, तर तिलाही नाही.

मग या शेतकऱ्यांनी काय केलं? आधी ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन घ्यायची आणि आपण कसायची. सगळा तोंडी भरवसा. काहींनी तो पाळला, काहींनी बुडवला. १९३३ साली इम्पीरियल परगण्यात या व्यवहारांवर खटलाही भरला गेला. तेव्हा त्यांचं लक्ष पाळण्याकडे गेलं. पोर अमेरिकेत जन्मलं होतं. जो त्या मातीत जन्मला तो तिथला नागरिक, मग त्याचे आईबाप कुणीही असोत. बापाला जे नाही, आईला जे नाही, ते त्या दुपट्यातल्या लेकराला होतं. जमिनी पोरांच्या नावावर झाल्या आणि कोर्टाकडून बाप त्यांचा पालक म्हणून कारभार बघू लागला. आईबरोबर कापूस वेचणारी सात-आठ वर्षांची पोर कागदावर त्या शेताची मालकीण होती.

काकू, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. कसत तर ते सगळेच होते.

उरलेलं अर्धं उत्तर पंजाबातल्या त्या पहिल्या बायकोकडे आहे. ही गोष्ट वाचताना आम्हाला ती सारखी दिसत राहिली. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. पैसे आले तर सासऱ्याच्या हातात यायचे. नवऱ्यानं तिकडे दुसरं घर केलं हे तिला कधी कळायचं, कधी कळायचंही नाही. १९४६ च्या जुलैत अमेरिकेचा कायदा बदलला. वर्षाला शंभर हिंदुस्थानी लोकांना प्रवेश मिळू लागला, आणि तिथं असलेल्यांना नागरिक होऊन आपल्या नावानं जमीन घेता येऊ लागली. पण तोवर तीस वर्षं गेली होती. तरुणपणी गेलेला माणूस म्हातारा झाला होता. काहींनी गावाकडचे पुतणे, मुलगे बोलावले, आणि दोन घरांतल्या मुलांमध्ये वाटणीवरून तंटे उभे राहिले. वाट बघणाऱ्या त्या बाईला तीस वर्षं कुणी परत दिली नाहीत.

याच सुमाराला अमेरिकेत आपला एक वर्ध्याचा माणूसही होता, डॉ. पांडुरंग खानखोजे. इंग्रजांशी लढायचं म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतलं, पंजाबी मजुरांबरोबर गदर चळवळीत काम केलं. पुढे मेक्सिकोत ते शेतीचे प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं आणि १९३६ साली एका बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यानं त्यांना मायदेशी येता येत नव्हतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर आले, तेव्हाही त्या जुन्या यादीनं त्यांना अडवलं. शेवटी ते नागपुरात राहिले आणि १९६७ साली तिथंच वारले. देशासाठी सगळं दिलेल्या माणसालाही कागदानं सोडलं नाही.

आणि आपला कायदा तरी फार वेगळा होता असं नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व वारशानं मिळायचं, ते फक्त बापाकडून. आई भारतीय असून चालत नसे. १९९२ च्या डिसेंबरात आईचंही नाव धरलं जाऊ लागलं. त्याआधी बायको आपल्या नावाची नसलेली जमीन कसत होती म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत लक्ष्मीमुक्तीचा विचार पुढे आला होता, आणि हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर केली होती.

आज आपल्या गावांतही परदेशातली स्थळं येतात. मुलगा चांगला असेल, माणसं चांगली असतील. तरी चार गोष्टी विचारायला लाजू नका. लग्नाची नोंद कुठं होणार? मुलगी तिथं कुठल्या परवान्यावर राहणार, आणि नवऱ्याशी बिनसलं तर तो परवाना टिकतो का? बाळ तिकडे झालं आणि त्याला भारतीय ठेवायचं असेल, तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी लागते, ती कोण करणार? आणि मुलीचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार?

त्या काकूंना आम्ही ही गोष्ट पुढच्या बैठकीत सांगितली. ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जन्मलेल्या पोरालाही जे मिळालं, ते कसणारीला मिळालं नाही." आणि उठता उठता त्यांनी विचारलं, तलाठी कुठल्या वारी बसतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावचा तलाठी कुठल्या वारी बसतो, ते आम्हाला कळवा. आणि जाऊनही या. नमस्कार.