वल्ह्यावरचे हात आणि नागरिकांची यादी

इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समधल्या कुणीतरी आपल्याच शहराच्या लोकशाहीवर एक छोटा, खवचट लेख लिहिला. तो झेनोफनच्या लेखनात मिसळून टिकला. लेखकाचे नाव कळत नाही, पण तो उमरावांच्या बाजूचा आहे हे पहिल्या परिच्छेदातच कळते. गरिबांचे राज्य त्याला अजिबात रुचत नाही. तरी तो कबूल करतो की इथे गरिबांना कुलीनांपेक्षा जास्त मिळते ते रास्तच आहे, कारण जहाजे गरीब माणसे चालवतात आणि शहराचे बळ जहाजांतच आहे. विरोधकाच्या तोंडून आलेली म्हणून ही साक्ष वजनदार ठरते. मात्र या न्यायाने पुढे गेले तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो: वल्हे गुलामाच्या हाती असेल तर त्याचा वाटा कोणता?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अक्रोपोलिसवर एका शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. त्यावर पाचव्या शतकाच्या अखेरच्या काही युद्धनौकांची माणसे नावानिशी कोरलेली आहेत. जहाजामागून जहाज, आणि प्रत्येक जहाजात दर्जानुसार क्रम: जहाजाचा खर्च उचलणारा त्रिएरार्क, चिलखती सैनिक, सुकाणूवाला आणि इतर अधिकारी, तिरंदाज, मग नागरिक खलाशी, मग परके, आणि सर्वांत शेवटी 'सेवक', म्हणजे गुलाम. गुलामाच्या नावापुढे मालकाचे नाव आहे. काही मालक त्याच जहाजावर होते. ही यादी कोणत्या प्रसंगाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण गुलाम अथेन्सच्या आरमारात वल्ही मारत होते एवढे तरी या दगडानंतर नाकारता येत नाही. एरवी इतिहासकारांनी त्यांचा उल्लेख सहसा टाळलाच आहे.

जहाजाला माणसे किती लागत, हे दुसऱ्या एका कोरड्या साधनातून कळते. चौथ्या शतकातले पिरेयस बंदरातल्या गोदीचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. कोणत्या जहाजाची किती वल्ही शिल्लक, किती मोडकी, याच्या त्या नोंदी. वरच्या रांगेची 62, मधल्या रांगेची 54, खालच्या रांगेची 54, मिळून 170. सैनिक आणि अधिकारी धरून एका जहाजावर सुमारे 200 माणसे.

हे आकडे हाताशी ठेवून इ.स.पू. 406चा उन्हाळा पाहू. स्पार्टाशी चाललेल्या युद्धात अथेन्सचा सेनापती कोनॉन लेस्बॉस बेटावर मितिलिनीच्या बंदरात अडकला होता आणि त्याला सोडवायला आरमार शिल्लक नव्हते. झेनोफन सांगतो की अथेन्सने 110 जहाजे पाठवायचे ठरवले, वयात आलेले सर्व पुरुष, स्वतंत्र असोत वा गुलाम, जहाजांवर चढवले आणि 30 दिवसांत आरमार निघाले. घोडदळातले श्रीमंतही चढले. 110 जहाजे म्हणजे 22 हजार माणसे. महामारी आणि सिसिलीतला संहार सोसलेल्या शहराला एवढे नागरिक आणायचे कुठून? शिवाय थ्युसिडिडीझच्या म्हणण्याप्रमाणे, स्पार्टाने अथेन्सजवळ डेकेलियात ठाण मांडल्यापासून 20 हजारांहून जास्त गुलाम पळाले होते, आणि त्यांत कारागीरच अधिक होते. म्हणजे जे उरले होते त्यांना धाकावर नव्हे, आश्वासनावरच जहाजात बसवणे शहाणपणाचे होते.

ते आश्वासन काय होते? झेनोफन गप्प आहे. उत्तर मिळते ते एका नाटकाच्या पोथीच्या समासात. अॅरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' या नाटकावर जुन्या टीपाकारांनी टिपणे केली आहेत, आणि त्यांतल्या एकाने समकालीन इतिहासकार हेलानिकसचा हवाला दिला आहे: याच आरमाराने पुढे आर्गिनुसाईला दिलेल्या सागरी लढाईत लढलेल्या गुलामांना मुक्त केले गेले आणि 'प्लाटियाकर' म्हणून नागरिकांत नोंदवले गेले. हेलानिकस ही गोष्ट अँटिजेनिस आर्कॉन, म्हणजे ज्याच्या नावाने वर्ष ओळखले जाई तो अधिकारी, असतानाची मानतो. लढाई मात्र पुढच्या, कॅलियसच्या वर्षातली. ही विसंगती मला खटकत नाही. अथेन्सचे वर्ष ऐन उन्हाळ्यात बदलत असे. ठराव सरत्या वर्षात झाला असेल आणि लढाई नव्या वर्षात.

'प्लाटियाकर' हा दर्जा आधीपासून तयार होता. स्पार्टाने इ.स.पू. 427मध्ये प्लाटिया घेतले तेव्हा तिथून निसटलेल्यांना अथेन्सने नागरिकत्व दिले होते, पण आर्कॉनपद आणि ठरावीक पुरोहितपदे सोडून. अपवादासाठी केलेली चौकट पुन्हा वापरली, की नवा पायंडा पाडल्यासारखे दिसत नाही. सरकारी कामाची ही तऱ्हा फार जुनी दिसते.

आर्गिनुसाईची लढाई अथेन्सने जिंकली. पण बुडत्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सहा सेनापतींना देहान्त शिक्षा झाली. ती हकिकत सर्वांना ठाऊक आहे. मुक्त झालेल्या गुलामांबद्दल जनमत काय होते, ते पुढच्याच हिवाळ्यात, 405 साली, रंगमंचावर आलेल्या 'बेडूक'मध्येच दिसते. पाताळाचा नावाडी कॅरन झँथियस या गुलामाला होडीत घेत नाही, कारण तो त्या लढाईत नव्हता. डोळे आले होते, अशी सबब तो सांगतो. पुढे वृंदगान प्रेक्षकांना थेट म्हणते की एका लढाईवर गुलाम मालक झाले, ते योग्यच केलेत, पण मग चुकलेल्या आपल्याच नागरिकांनाही हक्क परत द्या. विनोदी नाटक हे कायद्याचे साधन नव्हे. तरी ज्या गोष्टीवर हजारो प्रेक्षक हसतात ती घडलेलीच नाही, असे मानणे अवघड आहे.

दोन वर्षांत अथेन्स हरले. तीस जणांच्या जुलमी राजवटीने हक्क असलेल्यांची यादी 3,000वर आणली. लोकशाहीवादी सेनापती थ्रासिब्युलसने फिली किल्ल्यावरून उठाव केला, तेव्हा त्याच्यासोबत परके होते आणि गुलामही. इ.स.पू. 403मध्ये लोकशाही परतली आणि त्याने ठराव मांडला की पिरेयसहून आपल्यासोबत परतलेल्या सर्वांना नागरिकत्व द्यावे. ही माहिती 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथातली. अॅरिस्टॉटलच्या नावावरचा हा ग्रंथ इजिप्तमध्ये एका पपायरसवर मिळाला, शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेला, आणि 1891 साली छापला गेला. आर्गिनुसाईच्या खटल्यात तो दहाही सेनापतींना दोषी ठरवून मोकळा होतो, म्हणून त्याच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. इथे मात्र त्याचा सूर महत्त्वाचा आहे. आर्किनस नावाच्या पुढाऱ्याने हा ठराव बेकायदा म्हणून रद्द करवला, त्याबद्दल ग्रंथकार त्याची स्तुती करतो, कारण या लोकांपैकी काही तर उघडउघड गुलाम होते. याच सुमारास, आई आणि वडील दोघेही नागरिक हवेत, हा पेरिक्लिसचा इ.स.पू. 451 सालचा नियम पुन्हा लागू झाला. ढिल्या पडलेल्या युद्धकाळाचा हिशेब असा मिटवला गेला.

पण तो पुरता मिटला नाही. सुमारे दोन वर्षांनी, बहुधा 401/400मध्ये, परक्यांच्या गौरवाचा ठराव दगडावर कोरला गेला. त्याचे तुकडे उपलब्ध आहेत. फिलीहून सोबत परतलेले, पिरेयसमधल्या म्युनिकियाच्या लढाईत साथ दिलेले, पिरेयसमध्ये लोकपक्षाबरोबर राहिलेले, असे गट पाडून खाली नावे दिली आहेत, आणि नावापुढे धंदा, थोडक्या अक्षरांत: कैरेडेमोस शेतकरी, लेप्टिनिस आचारी, डेमेट्रियस सुतार, युफोरियन खेचरवाला, हेगेसियस माळी. नेमके बक्षीस सांगणारा मजकूर फुटला आहे. काही अभ्यासक तिथे पूर्ण नागरिकत्व वाचतात, काही फक्त नागरिकांइतका कर भरण्याची सवलत. विवाहासंबंधीच्या हक्काचा उल्लेख उरला आहे. पूर्ण नागरिकाला तो वेगळा द्यावा लागत नाही. म्हणून माझा कल असा, की पहिल्या, छोट्या गटाला नागरिकत्व मिळाले आणि उरलेल्यांना कमी दर्जाचे हक्क. आर्किनसने अडवलेला सरसकट ठराव इथे गाळून, प्रतवारी लावून पुढे आला. अथेन्सचा नागरिक आपल्या नावापुढे गावाचे, म्हणजे डेमचे नाव लावत असे. या यादीत त्या जागी धंदा आहे.