थोरलीचं नाव : घरचा इतिहास शोधायला ऑनलाइन शिकताना

आजच्या भागात राजे-महाराजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपल्याच घराचा इतिहास. तो कसा शोधायचा हे मी, एक बीटेक झालेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस, मोबाइलवर कोर्स करून शिकलो. त्यातलं काय आपल्याकडे चालतं, काय चालत नाही, ते सांगतो.

पहिला कोर्स केला तो ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा, फ्यूचरलर्नवरचा. सहा आठवड्यांचा. त्यातली उदाहरणं बहुतेक तिकडची. चर्चच्या नोंदवह्या, जनगणनेचे कागद, जहाजांच्या प्रवासी याद्या. म्हटलं, याचा आपल्याला काय उपयोग? पण पद्धत कामाची निघाली. वंशावळ शोधणारे लोक पुराव्याचा एक पंचसूत्री नियम पाळतात. जेवढी साधनं मिळतील तेवढी सगळी पाहा. प्रत्येक गोष्ट कुठून मिळाली ते लिहून ठेवा. पुरावे एकमेकांशी ताडून पाहा. दोन पुरावे भांडत असतील तर ते भांडण सोडवा, गालिच्याखाली ढकलू नका. आणि शेवटी निष्कर्ष कारणांसकट लिहा. आम्ही कोडमधला बग शोधताना हेच करतो की!

सुरुवात जिवंत माणसांपासून करायची, हा दुसरा धडा. पण आजीला "कोणत्या साली?" असं विचारलं की ती म्हणते, "मला काय ठाऊक!" आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. म्हणून मी विचारलं, "कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?" लगेच उत्तर आलं. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तसंच बहात्तरचा दुष्काळ. गावाची स्वतःची कालगणना असते, तिला धरून प्रश्न विचारायचे.

आता कागदांकडे येऊ. तिकडे माणूस सापडतो चर्चमध्ये, आपल्याकडे तो सापडतो जमिनीत. कारण सरळ आहे. सरकारला हवा होता सारा. इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली, आणि पुढे गावोगाव सर्व्हे नंबर पडले. माणूस वारला की जमीन कोणाच्या नावावर चढवायची हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर फेरफारात लिहिलं जातं. म्हणून वारसनोंदीचा जुना फेरफार म्हणजे छोटी वंशावळच. वतनांचंही तसंच. हक्क वंशपरंपरेने चालायचा, म्हणून वंश लिहून ठेवला जायचा. महार वतनाच्या कागदांतही घराण्यांची नावं सापडतात. ते वतन म्हणजे मान कमी आणि राबणूक जास्त. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यासाठी दुरुस्ती विधेयक मांडलं होतं.

पण यातच मेख आहे. जिथे हक्क तिथे नोंद. ज्याला जमीन नाही, वतन नाही, तो कागदावर येणार कसा? आणि बायका? हिंदू वारसा कायदा आला १९५६ मध्ये. त्याआधीच्या बहुतेक वारसनोंदींत मुलगे दिसतात, मुली दिसत नाहीत. नंतर मुलींची नावं येऊ लागली, आणि पाठोपाठ त्यांची हक्कसोडपत्रंही येऊ लागली. एवढा इतिहास एका फेरफाराच्या वहीत वाचता येतो.

तिसरं कौशल्य मोडीचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी सरकारी आणि खाजगी कागदांत चालू होती. मोडीचे वर्ग आता ऑनलाइन भरतात. मी रात्री जेवण झाल्यावर शिकायचो. आधी ओळीभर शिरोरेषा ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता त्याखाली लिहीत जायचं. शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे स्पेसबार नसलेलं टायपिंग! अक्षरं महिना-दोन महिन्यांत येतात, वाचन मात्र सरावानेच येतं.

लिपीसोबत दोन शब्द पाठ करा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच, या दोन शब्दांवरच माणूस ओळखायचा. शिवाय सन बघा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. पानिपतचं साल कागदात 'इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं. शब्द अरबी, अर्थ ११६१. त्यात ६०० मिळवा, १७६१ आलं.

आता हे सगळं कशासाठी? आमच्या पणजोबांची दोन लग्नं झाली होती. दुसऱ्या पणजीचं नाव, फोटो, सगळं घरात आहे. पहिलीला नुसतं 'थोरली' म्हणायचे. ती सासर सोडून माहेरी निघून गेली, परत आलीच नाही, असं तीन पिढ्या सांगत आल्या. सांगताना आवाजात जरा नाराजीच.

तहसीलच्या अभिलेख कक्षात आमच्या गावची जुनी जन्म-मृत्यूची वही होती, गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. मोडीतली. त्यात ऑक्टोबर १९१८ च्या पानावर एक नोंद होती. एका बाईचं नाव, कोम पणजोबांचं नाव, बिन त्यांच्या वडिलांचं नाव. वय १९. कारण, ताप.

एका नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, हे शिकलो होतो. त्याच नावाचा आणि त्याच बापाचा दुसरा माणूस गावात नाही ना, हे फेरफाराशी ताडून पाहिलं. नव्हता. दुसरी पणजी तर भूकंपापर्यंत हयात होती, म्हणजे ही ती नव्हे. त्याच महिन्याची बाकी पानं उलटली. तापाच्या ओळींमागून ओळी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली, आणि मुंबई इलाख्यात सर्वांत भयंकर महिने तेच होते.

म्हणजे थोरली निघून गेली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी, सासरच्या गावातच, साथीत गेली होती. मग ती माहेरची गोष्ट कोणी जोडली? कागद ते सांगत नाही, म्हणून मीही सांगणार नाही. पुराव्याच्या पुढे जायचं नाही.

घरात सांगितलं तेव्हा आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तिचं श्राद्ध कोणी घातलंच नसेल." यंदा अविधवा नवमीला घरात थोरलीचं नाव घेऊन पान वाढलं. ते नाव इथे नाही सांगत, ते घरचं आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर कोर्स पुढच्या महिन्यात लावा, कागद त्यानंतर शोधा. कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. या रविवारी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, परवानगी घेऊन फोनचा रेकॉर्डर लावा, आणि पहिला प्रश्न विचारा, "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं?"

भेटू पुढच्या भागात.