दाराची कडी आणि शेवटची सहा मिनिटं

थोडं लांबलंय, पण सवडीनं वाचा.

आपल्याकडची पोरं हल्ली रात्र रात्र जागून युरोपातले फुटबॉल सामने बघतात. सकाळी टपरीवर येतात तेव्हा डोळे लाल, पण तोंडाला विश्रांती नाही. त्यातून आपला संघ शेवटच्या पाच-सात मिनिटांत जिंकला असला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, "खरा फुटबॉल आपणच खेळलो." दुसरं, "ते काय, नुसते गोलपुढं भिंत बांधून उभे होते. रडीचा डाव!"

ही दोन वाक्यं आजची नाहीत. ती ज्या सामन्यानंतर सगळ्यात जोरात म्हटली गेली, त्या सामन्याची आणि त्याच्या आगंमागंच्या इतिहासाची गोष्ट आज सांगतो. शेवटी त्या दुसऱ्या वाक्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

२५ मे १९६७, गुरुवार. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. युरोपियन कपचा, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या मूळ स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला इटलीचा इंटर मिलान, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा सेल्टिक.

इंटरनं १९६४ आणि १९६५ असा लागोपाठ दोनदा हा कप नेला होता. मालक अँजेलो मोराती तेलाच्या धंद्यातला बडा माणूस. स्पेनच्या लुईस सुआरेझला त्यानं १९६१ मध्ये बार्सिलोनाकडून त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी रक्कम मोजून आणलं होतं. लिस्बनला मात्र सुआरेझ दुखापतीमुळं खेळला नाही. प्रशिक्षक एलेनियो एरेरा. खेळायची पद्धत 'कातेनाच्चो'. या इटालियन शब्दाचा अर्थच दाराची कडी. बचावाची फळी आणि तिच्याही मागं एक मोकळा खेळाडू, जो निसटलेला प्रत्येक चेंडू उचलणार. एक गोल करायचा, कडी लावायची आणि घड्याळाकडं बघत बसायचं.

सेल्टिकचे अकराच्या अकरा खेळाडू आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. म्हणजे साधारण कोल्हापूर ते सांगली एवढ्या अंतरातली पोरं. प्रशिक्षक जॉक स्टीन तरुणपणी कोळशाच्या खाणीत उतरलेला. तोवर हा कप स्पेन, पोर्तुगाल आणि इटली या तीन देशांच्या बाहेर कधी गेलेला नव्हता.

सातव्याच मिनिटाला इंटरला पेनल्टी मिळाली. मात्सोलानं गोल केला आणि लगेच कडी लागली. पुढचा तासभर सेल्टिक ते दार ठोकत राहिला. दोनदा चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आदळून परत आला. इंटरचा गोलकीपर सार्ती त्या दिवशी इतका भारी खेळला, की ही बरोबरी तरी होते का नाही अशी शंका यावी. ६३ व्या मिनिटाला डाव्या बाजूचा बचावपटू टॉमी गेमेल पुढं धावत आला आणि त्यानं लांबून असा फटका हाणला की सार्तीला हलायलाही वेळ मिळाला नाही. १–१. मग ८४ व्या मिनिटाला मर्डॉकचा फटका गोलकडं चालला होता, त्याला वाटेत स्टीव्ही चामर्सनं पाय लावला. २–१. सहा मिनिटं उरली होती आणि दमलेल्या इंटरकडं दुसरी काही युक्तीच नव्हती.

आता चाहत्यांचं बघा. अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून ते हजारोंच्या संख्येनं आले होते. कितीतरी जण जुन्या-पान्या गाड्यांमधून, ओळीनं. कित्येकांनी त्याआधी देशाची हद्दही ओलांडली नव्हती. शिट्टी वाजली आणि सगळं पब्लिक मैदानात उतरलं. खेळाडूंचे शर्ट गेले. लोकांनी मैदानातलं गवत मातीसकट उपटून खिशात घातलं. गोलकीपर रॉनी सिम्प्सन, वय ३६, त्यानं आपली कवळी टोपीत घालून टोपी गोलच्या जाळीत ठेवली होती. गर्दी आत घुसल्यावर तो आधी ती टोपी वाचवायला धावला! गर्दी इतकी, की कर्णधार बिली मॅकनीलला कप घ्यायला पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेरून वळसा घालून संगमरवरी चौथऱ्यावर न्यावं लागलं. बाकीचा संघ तिथं पोचलाच नाही. ग्लासगोत अजून एक किस्सा सांगतात. एक चाहता विजयाच्या धुंदीत दोस्तांबरोबर विमानानं घरी आला आणि मग त्याला आठवलं, आपण जाताना गाडी घेऊन गेलो होतो, ती लिस्बनमध्येच आहे! किस्सा खरा का बनवलेला, कोण जाणे. पण ज्या गावात तो साठ वर्षं टिकतो, त्या गावाला त्या दिवशी काय झालं असेल ते त्यातून कळतं.

एका कपासाठी एवढं? त्याचं उत्तर ऐंशी वर्षं मागं आहे.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि मोठा दुष्काळ पडला. उपाशी माणसं बोटी भरभरून ग्लासगोला आली आणि शहराच्या पूर्व भागातल्या कोंदट चाळींत राहिली. कॅथलिक आयरिश म्हणून त्यांना कामावर, शेजारात, सगळीकडं दुय्यम वागणूक. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मसेवकाच्या पुढाकारानं तिथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये सेल्टिक क्लबची स्थापना झाली. उद्देश काय, तर सामन्यांच्या तिकिटातून पैसा उभा करून गरीब पोरांना दुपारचं जेवण घालायचं. जेवणाच्या पंगतीसाठी काढलेला क्लब आहे हा.

याच क्लबचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. १९३६ मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोन सामने खेळला. तोही अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून. क्लबचा जुना खेळाडू जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायाला पट्टी बांधतोय असा फोटो प्रसिद्ध आहे. क्लबला तो हवा होता, पण घरची आठवण सतावू लागली आणि तो परत आला.

जॉक स्टीन स्वतः प्रॉटेस्टंट. सेल्टिकचा पहिला बिगरकॅथलिक प्रशिक्षक. समोरचा रेंजर्स क्लब कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही, ती रीत १९८९ मध्ये गाजावाजा होऊन मोडली. सेल्टिकच्या लिस्बनच्या संघात मात्र दोन्ही पंथांची पोरं होती. म्हणून त्या सहा मिनिटांत नुसता एक क्लब जिंकला नाही. ज्यांना शहरानं ऐंशी वर्षं पायरीवर उभं केलं, त्यांची पोरं-नातवंडं युरोपात पहिली आली. ती माणसं का रडली असतील, ते सांगायला फुटबॉल कळायची गरज नाही.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना आवडते. धाडसी गरीब जिंकले, घाबरट श्रीमंत हरले. आठवडाभरात इंटर मांतोव्हासारख्या छोट्या संघाकडून ०–१ हरला आणि इटलीची लीगही घालवून बसला. झालं, गोष्ट संपली.

पण थांबा. पत्रकार माणूस, दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लिस्बनच्या बरोबर एक महिना आधी, २५ एप्रिलला, सेल्टिक प्रागमध्ये डुक्ला संघाशी उपांत्य फेरीचा दुसरा सामना खेळला. घरच्या मैदानावर ३–१ ची आघाडी मिळालेली. मग प्रागमध्ये काय केलं? कडी लावली! चामर्सला एकट्याला पुढं ठेवून बाकी सगळे मागं. ०–० झालं आणि सेल्टिक फायनलला गेला. पुन्हा असं खेळायचं नाही, असं स्टीननं नंतर ठरवलं खरं. पण त्या रात्री एकही चाहता "हा खरा फुटबॉल नव्हे" म्हणून रुसून बसला असेल, असं मला वाटत नाही.

आणि ही कडी मुळात कुणी शोधली? श्रीमंतांनी नाही. १९३० च्या दशकात कार्ल राप्पान नावाचा ऑस्ट्रियन प्रशिक्षक स्वित्झर्लंडमध्ये होता. त्याचे खेळाडू अर्धवेळ, दिवसा नोकरी करून खेळणारे. ताकदीत आपण कमी पडणार हे ओळखून त्यानं मागं एक जादा माणूस ठेवायला सुरुवात केली. त्याच स्वित्झर्लंडनं १९३८ च्या विश्वचषकात जर्मनीला ४–२ नं घरी पाठवलं. पुढं इटलीत नेरेओ रोक्कोनं त्रिएस्तिनासारखा छोटा क्लब याच पद्धतीनं १९४७–४८ च्या लीगमध्ये दुसऱ्या नंबरापर्यंत नेला. म्हणजे कडी हे गरिबाचं हत्यार. एरेरानं आणि मोरातीच्या पैशानं ते श्रीमंताच्या हातात दिलं.

अजून पुढं या. १९७२ ची उपांत्य फेरी. पुन्हा सेल्टिक आणि इंटर. मिलानमध्ये ०–०. ग्लासगोत जादा वेळ धरूनही ०–०. एकूण २१० मिनिटं ठोकूनही दार उघडलं नाही. पेनल्टीवर इंटर ५–४ नं जिंकला. सेल्टिकच्या डिक्सी डीन्सची पेनल्टी वरून गेली. तेच दोन क्लब, तीच हिंमत आणि तेच प्रयत्न, फक्त ८४ वं मिनिट आलं नाही. तेव्हा "चांगला खेळणारा शेवटी जिंकतोच" हे लिस्बनमधनं शिकलेलं वाक्य पाच वर्षंच टिकलं.

आणि आता शेवटचं. ७ नोव्हेंबर २०१२. क्लबला १२५ वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सेल्टिकच्या मैदानावर मेस्सीचा बार्सिलोना आला. जवळपास पूर्ण वेळ चेंडू बार्सिलोनाकडं. सेल्टिकचे सगळे आपल्या गोलपुढं दाटीवाटीनं उभे. २१ व्या मिनिटाला कॉर्नरवरून वानयामाचा हेडर, आणि ८३ व्या मिनिटाला १८ वर्षांच्या टोनी वॉटचा गोल. मेस्सीनं अगदी शेवटी एक फेडला, पण २–१ सेल्टिक. लिस्बनचाच स्कोअर, जवळजवळ तेच मिनिट, फक्त या वेळी कडी सेल्टिकनं लावली होती. स्टेडियममध्ये माणसं तशीच रडली. "रडीचा डाव" म्हणणारे त्या रात्री बार्सिलोनाकडं होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बचाव आपला असला की तो संयम, समोरच्याचा असला की रडीचा डाव, हा चाहत्यांचा जुना हिशोब आहे. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील–दिलबहार सामना शाहू स्टेडियमवर बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चाहत्यानं असं बोलावंच, त्यात मजा आहे. पण टपरीवरून घरी जाताना एक प्रश्न मनाशी विचारावा. समोरच्यानं कडी का लावली? दुसरा पर्याय नव्हता म्हणून, की सगळं असूनही काही गमवायची भीती वाटत होती म्हणून?

इंटरकडं पर्याय होते. २०१२ च्या सेल्टिककडं नव्हते. कारण मधल्या काळात खेळच बदलला. १९९५ च्या बॉसमन निकालानं करार संपलेल्या खेळाडूंची वाट मोकळी केली. ते खेळाडूंच्या हक्काचंच होतं. पण टीव्हीचा पैसा मोठ्या देशांच्या लीगकडं गेला आणि त्याच्यामागोमाग खेळाडूही गेले. पन्नास किलोमीटरच्या आतल्या अकरा पोरांनी युरोप जिंकायचा, हे आज कुणी स्वप्नातही धरत नाही. लिस्बनमधली ती दुपार परत येणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी तुमचा संघ शेवटच्या मिनिटाला जिंकला तर खुशाल नाचा, गल्ली डोक्यावर घ्या. फक्त समोर नव्वद मिनिटं भिंत होऊन उभ्या राहिलेल्या छोट्या गावाच्या पोरांना हसू नका. कुणी सांगावं, त्यांच्या क्लबचीही सुरुवात कुठल्या तरी जेवणाच्या पंगतीतनं झाली असेल.