थेट प्रक्षेपणात वेबकॅम : प्रोसेसरवरील ताण

संगणकावरून थेट प्रक्षेपण सुरळीत चालू असताना वेबकॅम जोडला की प्रोसेसरचा वापर एकदम चढतो, पंखा जोरात फिरू लागतो, चित्र अडखळते आणि ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ सुटतो, असा हा बिघाड आहे. त्याला वेबकॅम स्वतः क्वचितच कारण असतो. कॅमेऱ्याकडून आलेले चित्र उलगडणे, त्याचा रंग व आकार बदलणे, इतर चित्रांवर ते बसवणे आणि सगळे पुन्हा दाबून इंटरनेटवर पाठवणे एवढी कामे प्रत्येक फ्रेमसाठी ठरलेल्या वेळेत उरकावी लागतात. त्यांतले एक जरी रेंगाळले तरी पुढच्या फ्रेम तुंबतात. अडलेले काम नेमके कोणते, हे कळले तर बहुतेक वेळा सेटिंग बदलून भागते, नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही.

आढळ

जळकोट हे लातूर जिल्ह्यातील, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. मराठवाड्यातल्या अशा गावांत थेट प्रक्षेपणाची दोन रूपे प्रामुख्याने दिसतात. पहिले मांडवातले : अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तन, लग्न, जयंतीचा कार्यक्रम. येथे शूटिंगवाले मुख्य कॅमेरा कॅप्चर कार्डातून लॅपटॉपला जोडतात आणि दुसरा कोन मिळावा म्हणून वेबकॅम लावतात. दुसरे रूप शिकवणीतले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांबरोबर लातूर-नांदेडचे शिकवणी वर्गही ऑनलाइन गेले, आणि पडद्यावर स्लाइड व कोपऱ्यात शिक्षकाचा चेहरा ही मांडणी सर्वांच्या ओळखीची झाली. बिघाड दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण त्याचे मूळ वेगळे असते. शिकवणीत पडदा जवळजवळ स्थिर असल्याने वाढलेला भार मुख्यतः वेबकॅमचे चित्र उलगडण्याचा असतो. मांडवात टाळकऱ्यांनी पावली धरली की अख्खे चित्र हलते आणि खरा भार ते पुन्हा दाबताना येतो.

कार्यपद्धती

पूर्ण एचडी फ्रेममध्ये १९२० × १०८० बिंदू असतात. न दाबलेल्या ‘वाययूवाय२’ स्वरूपात प्रत्येक बिंदूला २ बाइट लागतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर वेबकॅमला सेकंदाला सुमारे ९९५ मेगाबिट माहिती पाठवावी लागेल. यूएसबी २.० ची कमाल क्षमता कागदावरच ४८० मेगाबिट आहे. १२८० × ७२० च्या चित्राला सुमारे ४४२ मेगाबिट लागतात. हा आकडा कागदावर बसतो, प्रत्यक्षात बसत नाही. ६४० × ४८० चे चित्र मात्र सुमारे १४७ मेगाबिटांत आरामात जाते.

म्हणून यूएसबी २.० वर चालणारे बहुतेक वेबकॅम मोठे चित्र ‘मोशन जेपेग’ स्वरूपात देतात. यात प्रत्येक फ्रेम हे एक स्वतंत्र जेपेग छायाचित्र असते. वायर मोकळी होते, पण सेकंदाला ३० छायाचित्रे उघडण्याचे काम लॅपटॉपवर येते आणि ते बहुधा प्रोसेसरच करतो. एचडीएमआय कॅप्चर कार्डांपैकी यूएसबी २.० वर चालणारी स्वस्त कार्डेही पूर्ण एचडीसाठी हीच युक्ती वापरतात. त्यामुळे अशा कार्डाशेजारी वेबकॅम लावला की उलगडण्याचे काम दुप्पट होते.

उलगडलेले चित्र प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये येते. यासाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर सर्वत्र वापरले जाते. त्याची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये आली. चित्र लहान-मोठे करणे, एकावर एक बसवणे, हिरवा पडदा काढणे ही कामे ओबीएस ग्राफिक्स चिपकडून करून घेते. तयार झालेले एकत्रित चित्र नंतर एच.२६४ पद्धतीने दाबले जाते. हे काम प्रोसेसरवर करायचे तर ‘एक्स२६४’ हा एन्कोडर आणि ग्राफिक्स चिपमधील खास विभागाकडून करायचे तर इंटेलचा क्विक सिंक, एनव्हिडियाचा एनव्हेंक किंवा एएमडीचा एन्कोडर निवडावा लागतो. ३० फ्रेमच्या प्रक्षेपणात एका फ्रेमला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेमच्या प्रक्षेपणात जेमतेम १७.

निदान

‘लाइव्ह अडकतंय’ या एका तक्रारीमागे तीन निरनिराळे दोष असू शकतात. ओबीएसमधील ‘स्टॅट्स’ ही खिडकी ते वेगवेगळे मोजून दाखवते.

१. रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेम : ग्राफिक्स चिपवर भार जास्त आहे.
२. एन्कोडिंगमुळे गाळलेल्या फ्रेम : चित्र दाबणारा एन्कोडर मागे पडतो आहे. अशा वेळी ओबीएस खालच्या पट्टीवर एन्कोडिंगचा भार वाढल्याची सूचनाही देते.
३. नेटवर्कमुळे टाकलेल्या फ्रेम : इंटरनेटचा अपलोड वेग अपुरा आहे.

तिसरा आकडा वाढत असेल तर वेबकॅमच्या सेटिंगशी झटापट व्यर्थ आहे. बिटरेट उतरवावा किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम लावून पाहावे. याउलट पहिला किंवा दुसरा आकडा वाढत असताना नेटचा पॅक वाढवून काही साधत नाही. तिन्ही आकडे शून्याजवळ असूनही केवळ वेबकॅमचेच चित्र अडखळत असेल, तर दोष उलगडण्यात, यूएसबी जोडणीत किंवा अपुऱ्या उजेडात शोधावा.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील एकूण टक्केवारीही फसवी ठरू शकते. चार कोअरच्या प्रोसेसरमध्ये एकच कोअर पूर्ण भरला तर एकूण आकडा २५ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि वेबकॅमचे चित्र मात्र अडकत राहते. म्हणून कोअरनिहाय आलेख उघडून पाहावा. त्याच वेळी मेमरी आणि डिस्कचे रकानेही पाहावेत. ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ओबीएस व ब्राउझर एकत्र चालले की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेऊ लागतो, आणि त्या मंदपणाचे खापर प्रोसेसरवर फुटते.

उपाय

एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि स्टॅट्समधील आकडे शून्यावर आणून काही मिनिटे निरीक्षण करावे. पुढील क्रमात बिनखर्चाचे आणि अधिक गुण देणारे उपाय आधी घेतले आहेत.

वेबकॅमचे मूळ चित्र लहान करणे : शिकवणीच्या मांडणीत हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. कोपऱ्यातला चेहरा पडद्यावर ३२० × १८० एवढाच दिसत असला, तरी वेबकॅम पूर्ण एचडीवर ठेवलेला असेल तर प्रत्येक फ्रेम पूर्ण आकारातच उलगडली जाते व मगच लहान होते. माउसने चौकट ओढून बारीक केल्याने उलगडण्याचे काम घटत नाही. त्यासाठी ओबीएसमध्ये त्या वेबकॅमच्या गुणधर्मांत जाऊन रिझोल्यूशन ‘कस्टम’ करावे, ६४० × ३६० किंवा ६४० × ४८० निवडावे आणि फ्रेम ३० ठेवाव्यात.

स्वरूप बदलणे : लहान चित्रासाठी वाययूवाय२ किंवा ‘एनव्ही१२’ निवडल्यास जेपेग उघडण्याचे काम उरतच नाही. ७२०पी किंवा त्याहून मोठ्या चित्रासाठी यूएसबी २.० वर मोशन जेपेगच ठेवावे. अन्यथा फ्रेमची संख्या सेकंदाला १० पर्यंत घसरू शकते. हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय उपलब्ध असेल तर तो वापरून पाहावा.

एन्कोडर बदलणे : इंटेलच्या दुसऱ्या पिढीतील कोअर प्रोसेसरपासून, म्हणजे २०११ पासून, क्विक सिंकची सोय आली. आउटपुटच्या सेटिंगमध्ये तो किंवा एनव्हेंक दिसत असेल तर तोच निवडावा. मांडवातल्या प्रक्षेपणात सर्वांत मोठा फरक याने पडतो. फक्त एक्स२६४ उपलब्ध असल्यास त्याची गती ‘व्हेरीफास्ट’वरून ‘सुपरफास्ट’ किंवा ‘अल्ट्राफास्ट’वर आणावी. चित्र किंचित भरड होते, पण अडखळत नाही.

प्रक्षेपणाचा आकार घटवणे : १०८०पीऐवजी ७२०पी ठेवल्यास बिंदूंची संख्या सव्वादोन पटींनी कमी होते. ६०ऐवजी ३० फ्रेम ठेवल्यास काम निम्म्यावर येते. कीर्तन किंवा शिकवणी मोबाइलवर पाहणाऱ्याला ७२०पी आणि ३० फ्रेम पुरेशा आहेत.

दुहेरी कामे टाळणे : प्रक्षेपणासोबत रेकॉर्डिंग वेगळ्या दर्जात ठेवल्यास दोन एन्कोडर एकदम चालतात; रेकॉर्डिंगचा दर्जा ‘प्रक्षेपणासारखाच’ असा ठेवावा. वेबकॅम अनेक दृश्यांत हवा असेल तर दर वेळी नवा न जोडता आधीचाच निवडावा. पडद्यावर नसताना तो बंद राहील, असा पर्यायही त्याच्या गुणधर्मांत आहे. मात्र तो वापरल्यास दृश्य बदलताना कॅमेरा सुरू व्हायला क्षणभर लागतो. लाइव्ह नीट जात आहे का, हे त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पाहू नये, कारण तो व्हिडिओ उलगडण्याचा भार त्याच यंत्रावर पडतो. त्यासाठी मोबाइल वापरावा.

कृत्रिम पार्श्वभूमी : चेहऱ्यामागचे दृश्य धूसर करणे किंवा बदलणे यासाठी प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची बाह्यरेषा शोधावी लागते. जुन्या लॅपटॉपवर हे एकच काम सगळा डोलारा कोसळवू शकते. मागे साधी भिंत किंवा कोरा पडदा बरा.

उजेड : अंधारात वेबकॅम प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि फ्रेमची संख्या ३० वरून १५ वर येते. हा प्रोसेसरचा दोष नव्हे, पण तसा वाटतो. शिवाय अंधाऱ्या चित्रातले दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्याने एन्कोडरला ती हालचालच भासते व त्याचे काम वाढते. दिवा समोरून लावल्यास दोन्ही त्रास कमी होतात.

जोडणी : वेबकॅम आणि कॅप्चर कार्ड एकाच यूएसबी हबवर लावू नयेत, शक्यतो लॅपटॉपच्या दोन बाजूंच्या पोर्टवर थेट लावावेत.

उष्णता व वीज

लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये येते, आणि त्या दिवसांत मराठवाड्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पत्र्याच्या किंवा कापडी मांडवाखाली लॅपटॉपचा पंखा गरम हवाच आत ओढतो. प्रोसेसरचे तापमान ठरावीक मर्यादेला, अनेक इंटेल प्रोसेसरांत १०० अंशांच्या आसपास, पोहोचले की तो स्वतःची गती उतरवतो. सुरुवातीचा काही वेळ ठीक चाललेले प्रक्षेपण पुढे काहीही न बदलता अडखळू लागले, तर संशय उष्णतेवर घ्यावा. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता टणक पाटावर थोडा उचलून ठेवावा, पंख्यातली धूळ काढून घ्यावी आणि अंगावर थेट ऊन येणार नाही अशी जागा निवडावी.

लाइट गेल्यावरही असेच घडते. चार्जर बंद पडून लॅपटॉप बॅटरीवर गेला की विंडोज वीज वाचवण्यासाठी गती कमी करू शकते. म्हणून कार्यक्रमाआधी पॉवरच्या सेटिंगमध्ये उच्च कार्यक्षमता निवडावी आणि चार्जर व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

मर्यादा

काही लॅपटॉपांपुढे हे उपाय अपुरे पडतात. ऑगस्ट २०२२ मधील ओबीएसच्या २८ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ व ८ यांना आधार राहिलेला नाही. अशा संगणकांवर जुनीच आवृत्ती चालवावी लागते. दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी मेमरी आणि हार्डवेअर एन्कोडर नाही, अशा यंत्रावर दोन कॅमेऱ्यांचे ७२०पी प्रक्षेपण बसवण्याचा आग्रह धरू नये. एकाच कोनातून दाखवायचे असेल तर आजचा साधा स्मार्टफोनही तिवईवर लावून चांगले काम देतो, कारण त्यात व्हिडिओ दाबण्यासाठी स्वतंत्र हार्डवेअर असतेच. खर्च करायचाच असेल तर महागडा वेबकॅम घेण्याआधी हार्डवेअर एन्कोडर असलेला लॅपटॉप, आणि मेमरी कमी असल्यास ८ जीबी मेमरी, या क्रमाने करावा. कोणताही बदल कार्यक्रमाच्या दिवशी प्रथमच करू नये. आदल्या दिवशी सर्व कॅमेरे जोडून, खासगी प्रक्षेपण लावून अर्धा तास चाचणी घ्यावी. त्यात रेंडरिंग व एन्कोडिंगचे आकडे शून्याजवळ राहिले, तरच ती मांडणी वापरण्यास योग्य समजावी.