हिरवी भिंत, पांढरी भिंत

रमजानपूर्वी घराला रंग द्यायचा ठरले आणि पुढच्या खोलीवरून घरात दोन मते पडली. अम्मीला हिरवा हवा होता, गावाकडच्या घरासारखा. मुलगी म्हणाली, "दादी, हिरवा नको. दार उघडताच भिंतच सांगते आपण कोण ते. पांढराच बरा." अम्मी गप्प बसली. मला मात्र ते वाक्य लागले. रंगाला धर्म चिकटवण्याची बाहेरची सवय आता आमच्या उंबऱ्याच्या आत आली होती.

म्हणून मी तिला दोन्ही रंगांचा इतिहास सांगितला.

१७७५ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी तांबे आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, यांपासून एक झळझळीत हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात अशा रंगांचे कागद युरोपातल्या दिवाणखान्यांच्या भिंतींवर चढले. नेपोलियन १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर ज्या घरात वारला, तिथल्या भिंतीच्या कागदाच्या तुकड्यातही पुढे सोमल सापडले. ओल्या भिंतीवरची बुरशी या रंगातून विषारी वायू बनवते, हे १८९०च्या दशकात इटलीच्या गोसिओ यांनी दाखवले. ती घरे काही मुसलमानांची नव्हती. आणि दोष हिरवेपणाचाही नव्हता, सोमलाचा होता.

पांढऱ्याचे काय? चुनखडी भाजून, पाण्यात विरवून केलेला चुना भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा दगड बनतो. ताजा चुना दाहक असतो, जंतू मारतो. म्हणूनच १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरे धुऊन चुना फासला गेला. पण त्यासाठी गोरे सोल्जर देवघरात शिरले, जनान्यातही शिरले. चुना औषधच होता, तरी लोकांना त्याची धास्ती बसली, कारण भिंत त्यांची होती आणि हुकूम दुसऱ्याचा.

मुलगी थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रंगात काय आहे आणि तो कोण ठरवतंय, एवढंच बघायचं?"

"एवढंच," मी म्हणालो.

दुकानात तिनेच डबा फिरवून शिशाचे प्रमाण वाचले. आपल्याकडे २०१७ पासून घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त चालत नाही. डबा हिरव्या रंगाचा होता. छत पांढरे ठेवले.